दुसरी चूल

देवरीचा आचारी आमच्या सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, खाटेवर मांडी घालून चहा पीत होता. माझ्या भाचीचं लग्न जवळ आलं होतं आणि दादा, माझा थोरला भाऊ, त्याला पाहुण्यांचा अंदाज सांगत होता. भात किती लागेल, वरण किती, वांग्याची भाजी करायची का पातोडी, सगळं बोलून झालं. मग मांडवाला कापड कोणत्या रंगाचं, असं विचारावं तसं आचाऱ्याने सहज विचारलं, "आनि चूल एक का दोन?"

"दोन," दादा म्हणाला.

"एक," दारातून आवाज आला.

भाची उंबऱ्यावर उभी होती. आचाऱ्याने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं, आणि असल्या घरगुती प्रकरणांत मुरलेल्या माणसासारखा उरलेला चहा एका घोटात संपवून उठला. "तुमचं ठरलं का फोन करा," म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

आम्ही बौद्ध. गाव मोठं आहे, पण आमची वस्ती त्याच्या दक्षिणेला वेगळी, तिला टोली म्हणतात. मधे एक बोडी, म्हणजे लहानसं तळं. टोलीत कोणाचं लग्न असलं की दोन ठिकाणी स्वयंपाक होतो. घरामागच्या चुलीवर आमचं आणि आमच्या सोयऱ्यांचं जेवण. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी चूल, तिच्यावर गावातल्या जमीनवाल्या घरांचं. तांदूळ आमचे, लाकडं आमची, खर्च आमचा. फक्त हात त्यांच्यातल्या आचाऱ्याचा. भाताचे मोठे गंज, ढवळायचे सराटे, बादल्या गावातून येतात, पाणीही तिकडच्याच बोअरचं. आमच्यातलं कोणी त्या चुलीकडे फिरकत नाही. आता बफेची पद्धत आली तर टेबलंही दोन लागतात, दोन्हींवर तोच चकचकीत कपडा. या दुसऱ्या चुलीवरच्या जेवणाला जातीचं जेवण असं कोणी म्हणत नाही. गावजेवण म्हणतात. ऐकायला किती गोड!

वहिनीच्या हाताला चव आहे. मी नणंद आहे, आणि नणंदेच्या तोंडून वहिनीची स्तुती निघते म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणारच. तिची पातोडी, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि त्यांचा झणझणीत रस्सा, खायला सोयरे मुद्दाम एक दिवस मुक्काम वाढवतात. टोलीतल्या कुठल्याही कार्यात आचारी ठरवलेला असला तरी रश्श्याचं वाटण वहिनीकडेच येतं. पण त्या रश्श्याचा थेंब कधी दुसऱ्या टेबलावर गेला नाही. आणि आता तिच्या स्वतःच्या लेकीच्या लग्नातही ती अर्ध्याच मांडवासाठी रांधणार होती. याबद्दल ती काही बोलत नव्हती. वहिनी बोलणाऱ्यांतली नाहीच, मी मात्र आहे.

"माह्या लग्नात साऱ्या गावानं माह्या आईच्या हातची पातोडी खाल्ली पायजे," भाची त्या संध्याकाळी बापाला म्हणाली. "ज्याले नाई खायची त्यानं नको खाऊ. पन आपून आपल्या हातानं दुसरी चूल मांडाची नाई."

"लोकं उपाशी जातीन," दादा म्हणाला.

"बाबा, मी लॅबमध्ये दिवसभर लोकायचं रक्त काढतो. आपल्या गावचे बी येतात. आजवर एकानं म्हटलं नाई का आमच्या जातीवाल्याच्या हातची सुई आना."

मला हसू आलं. दादाला आलं नाही. तो उठून बैलांकडे गेला. बैल केव्हाच विकले आहेत, रिकाम्या कोठ्यात तो नुसता उभा राहतो.

दादा भित्रा आहे असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नाही. त्याच्यासाठी ती दुसरी चूल म्हणजे आमच्या आजोबांनी जिंकलेली लढाई होती. आम्ही ती गोष्ट लहानपणी इतक्यांदा ऐकली की मला अजून तोंडपाठ आहे. आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी टोलीतल्या माणसांना सांगितलं, आजपासून मेलेलं जनावर ओढायचं नाही, कोणाच्या मरणाची खबर घेऊन गावोगाव धावायचं नाही, आणि पंगत उठल्यावर उरलंसुरलं मागायला जायचं नाही. गावाने टोलीचं काम बंद केलं, शेतातून जायची वाट बंद केली. त्या उन्हाळ्यात टोली तेंदूपत्त्यावर आणि विड्या वळून जगली. मग पाऊस लागला, धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटायला आले, रोवण्याला हात मिळेनात. धान काही कोणाच्या जातीसाठी थांबत नाही. हळूहळू बोलावणी आली, वाटा उघडल्या, आणि माणसं पुन्हा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरली.

त्यानंतर माझ्या आत्याचं लग्न निघालं. तोवरची रीत अशी होती की आमच्याकडे कार्य असलं तर गावाला कोरडा शिधा द्यायचा. तांदूळ, डाळ, मीठ, मिरची सुपात घालून त्यांच्या दाराशी ठेवायचं. ते आपापल्या घरी शिजवून खाणार आणि लग्नाला जेवलो असं म्हणणार. आजोबा म्हणाले, शिधा बंद. जेवायचं असेल तर माझ्या आंगणात बसून जेवा. पुष्कळ बैठका झाल्या. शेवटी गाव म्हणालं, येऊ, पण आचारी आमचा, भांडी आमची, पाणी आमचं. आजोबांनी मान्य केलं. आणि गाव आलं. ज्या आंगणावरून चालताना लोक धोतर सावरून घेत, त्याच आंगणात मांडी घालून बसलं. म्हातारी माणसं मरेपर्यंत सांगत होती, त्या दिवशी गाव टोलीत जेवलं.

ही गोष्ट खोटी नाही आणि लहानही नाही. त्या काळात त्यांनी जे मिळवलं ते मिळवायला छाती लागली. पण आजोबांनी जी गोष्ट पहिली पायरी म्हणून घेतली, तिच्यावर आम्ही घर बांधून राहिलो. माझ्या लग्नात दोन चुली होत्या, दादाच्या लग्नात होत्या, आणि मला तेव्हा त्यात काही दिसलंही नाही. सवयीचं झालं की दिसत नाही. भाचीला दिसलं, कारण तिने ती गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकली नव्हती.

तेव्हापासून काहीच बदललं नाही, असं मी म्हणणार नाही. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, पेन्शन खाते, गोंदियात स्वतःच्या घरात राहते. ऑफिसात माझ्या डब्यावर सगळ्यांचे हात पडायचे. टोलीतल्या पोरी शिकल्या, एक तर डॉक्टर झाली. आमच्या आईने ज्या विहिरीवर कोणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत उभं राहायचं, ती विहीर आता कोणीच वापरत नाही, सगळ्यांच्या दारी नळ आहे. हे सगळं आजोबांसारख्या माणसांनी अंगावर घेतलं म्हणून झालं. पण गावातली जमीन तेव्हा ज्यांची होती, आजही बहुतेक त्यांचीच आहे. आमच्या बाबांनी रेल्वेत गँगमनची नोकरी करून थोडी बांधी घेतली म्हणून दादा शेतकरी. टोलीतल्या बाकीच्या बायका अजून दुसऱ्याच्याच बांधीत वाकून रोवणा करतात. आणि गोंदियात मी भाड्याची खोली शोधत होते तेव्हा घरमालकीण गोड हसून विचारायची, "पूरा नाम बताइए ना." आडनाव सांगितलं की खोली आधीच कोणालातरी दिलेली असायची. माझा मूळ स्वभाव तापट आहेच, त्यात अशा खोल्या शोधून तो आणखी बिघडला.

दादाची खरी अडचण आजोबा नव्हते. त्याचा बांधीशेजारी होता.

या माणसाची आणि दादाची बांधी एकाला एक लागून आहे, मधे एकच धुरा, म्हणजे बांध. दोघं एकाच शाळेत एकाच मास्तरचा मार खाऊन वाढले. तो घरी पोवारी, म्हणजे त्यांच्या जातीची बोली, बोलतो, आमच्याशी आमच्यासारखं. दादाची मोटर जळाली तर पाणी त्याच्या मोटरचं, त्याला ताप आला तर त्याच्या धानावर फवारणी दादाची. आणि तो आमच्या घरी जेवतो. चोरून नाही म्हणणार मी, पण मागून. सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, दाराने येतो, थेट स्वयंपाकघरात पाटावर बसतो आणि म्हणतो, "वैनी, काय केलं आज?" बोडीतल्या मासोळ्यांचा रस्सा असला तर दोनदा भात घेतो. हे सगळ्या टोलीला माहीत आहे, त्याच्या बायकोलाही माहीत आहे. फक्त पुढच्या सपरीत तो कधी जेवला नाही, आणि मांडवात जेवला तो दुसऱ्या चुलीचं. एक चूल केली तर तो जेवणार नाही, ही दादाची भीती होती. बाकी गाव आलं काय, नाही आलं काय, दादा म्हणायचा. हा एक माणूस पोरीच्या लग्नातून उपाशी गेला तर मला तोंडात घास घालवणार नाही.

दादा त्याच्याशी बोलायला गेला त्या सकाळी मी सोबत होते. मला वालाच्या शेंगा तोडायच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर ऐकायचंही होतं. उन्हाळी धान होतं. बांधीशेजारी धुऱ्याचं भगदाड चिखलाने बुजवत बसला होता.

"या खेपेले एकच चूल राह्यन," दादा म्हणाला.

त्याने मान वर केली नाही. "कोनं ठरवलं?"

"पोरीनं."

"पोरगी शहानी आहे." चिखलाचा एक गोळा त्याने थापला, दुसरा घेतला. "मंग माह्या जेवनाची आस ठेवू नको. मी येईन, राबीन, तू सांगशीन ते करीन. पन जेवाले नाई बसनार."

"माह्या घरी तं खातस बे."

"घरी खातो. मांडवात सारा गाव पाहते. माह्या पोराले पोरगी पाहाची आहे. सोयरे विचारतीन, मी काय सांगू?"

मला राहवेना. "म्हणजे आमच्या घरचं तुमच्या पोटाले चालते, फक्त लोकायच्या डोळ्याले नाई चालत?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हो बाई," तो म्हणाला. "तसंच आहे."

मी भांडायच्या तयारीत होते. त्याने सबबी सांगितल्या असत्या, रीतभात काढली असती, तर मी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. पण त्याने जे आहे ते कबूल करून टाकलं. मी शेंगा तोडायला गेले.

घरी येऊन दादाने पाय धुतले आणि आचाऱ्याला फोन लावला. "एकच चूल," म्हणाला. मला आश्चर्य वाटलं. मी विचारलं, असं कसं ठरवलं? तो म्हणाला, "ज्यासाठी भिऊन राह्यलो होतो, ते त्यानं तोंडावर सांगतलं. आता आनखी कोनाले भिऊ?"

वहिनीने ते आतून ऐकलं. ती बाहेर आली आणि आचाऱ्याने भात, वरण, भाजी करावी, पातोडी मात्र मी करीन, एवढंच म्हणाली. त्यानंतर लग्नापर्यंत तिच्या तोंडी एकच विषय होता. बेसन कोणत्या गिरणीचं, लसूण कुठला, खोबरं किती. तिने टोलीतल्या बायका हाताशी घेतल्या आणि गावाचा अंदाज बांधला. या बाबतीत वहिनीचा अंदाज कधी चुकत नाही. किती माणसं येणार म्हटलं की किती बेसन भिजवायचं, ते ती बोलता बोलता सांगते. साऱ्या गावासाठी रांधायला मिळतंय म्हणून ती आतून फुलली होती. ते पाहून मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची.

चुलीचा चर खणायला बांधीशेजारी स्वतः आला. वारा कोणत्या बाजूने येतो ते पाहून त्याने जागा ठरवली, माती ओढली, विटा लावल्या, जळण फोडून रचलं. लग्नाच्या दिवशी पहाटे तोच पाण्याचे ड्रम भरत होता. दुपारी पांढऱ्या कपड्यांत भाची आणि जावई उभे राहिले, वंदना झाली, फुलं पडली. तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, डोळे पुसत होता. ते पाहून मला त्याचा राग येईना, आणि राग येत नाही याचा राग येत होता.

मग जेवणं सुरू झाली. भाचीच्या शाळेतल्या गावातल्या मैत्रिणी आल्या, त्यांचे नवरे आले, मोटरसायकलवरून पोरं आली. ती जेवली. नुसती जेवली नाहीत, पातोडीच्या टेबलाजवळून हलेनात. पंचायतीचे दोन मेंबर हातात ताटली घेऊन फोटो निघेस्तोवर जेवले. पण मोठी माणसं, ज्यांच्या बापांनी आजोबांच्या आंगणात मांडी घातली होती ती, आली, पाकीट दिलं, बंद बाटलीतलं पाणी प्यायली आणि घाई आहे म्हणून गेली. एकापाठोपाठ एक. कोणी वाईट बोललं नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही. सगळे हात जोडून, हसून गेले. गावाला एवढी घाई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

बांधीशेजारी शेवटपर्यंत होता. सगळ्यांना टेबलाकडे पाठवत होता, द्रोण संपले तर आणून देत होता. गर्दी ओसरली तेव्हा दादा ताटली घेऊन त्याच्यासमोर गेला. मी पाहत होते, आणि सराटा हातात धरून वहिनीही पाहत होती.

"पोट बरं नाई," तो म्हणाला. हात धुतले, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसले आणि बोडीच्या काठाने घरी गेला.

संध्याकाळी पाहिलं तर एक अख्खा गंज भरून पातोडी उरली होती. वहिनीने त्यावरचं झाकण काढलं, सराट्याने एकदा खालवर केलं, पुन्हा झाकण ठेवलं. "अंदाज चुकला माहा," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पातोडी शेजारच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, पाठवली. तिथे त्यांनी आवडीने खाल्ली आणि गंज घासून, आत मूठभर सुकी मोहफुलं घालून परत केला. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही त्यांची रीत. वहिनीने मोह सुपात काढून घेतले आणि गंज अडगळीत ठेवून दिला.

मला वाटलं होतं, आता त्या माणसाचा आमच्या घरात पाय पडणार नाही. पडला तर मी त्याला दोन शब्द ऐकवीन. मी गोंदियाला परत गेले आणि पुढच्या वेळी आले तेव्हा पाहते तर काय, तो सांदवाडीच्या दाराने आत येऊन पाटावर बसलाय आणि वहिनी वाढतेय. तो गेल्यावर मी तिच्यावर चिडले. मांडवात तुझं अन्न नको आणि मागच्या दाराने पाहिजे, आणि तू वाढतेस?

"भुकेल्याले काय नाई म्हनाचं?" वहिनी म्हणाली. पण लग्नाच्या दिवसापासून तिने पातोडी केली नव्हती. दादाने मागितली तरी केली नाही. हे मला भाचीने सांगितलं.

पावसाळा गेला, धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, झाला, पुन्हा उन्हाळा आला. बांधीशेजाऱ्याच्या पोराला पोरगी मिळाली. लग्न मुलीच्या गावी झालं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी स्वागत समारंभ. आम्हाला सगळ्यांना आमंत्रण होतं. दादा दोन दिवस आधीपासून तिथे राबत होता, जसा तो आमच्याकडे राबला होता. मांडव, पाणी, पाहुण्यांना बसवणं, सगळं. आणि सांगायला हवं की तिथे आम्हाला वेगळं बसवलं नाही. बाबा लहान असताना याच घराच्या पंगतीत कोठ्याबाहेर, बैलगाडीच्या आडोशाला जेवले होते. आम्ही खुर्च्यांवर बसलो, सगळ्यांच्या मधे, पंख्याखाली. त्यांच्याकडचं आम्ही खावं याला कधीच कोणाची हरकत नव्हती. घोडं नेहमी आमच्याकडचं खाण्यापाशीच अडतं.

मी गेल्या गेल्या जिलेबीवर ताव मारला. वहिनी ताट घेईना, मला वाटलं लाजतेय. मग बांधीशेजारी स्वतः भरलेलं ताट घेऊन दादापाशी आला.

"पोट बरं नाई," दादा म्हणाला.

तेच शब्द, आवाजही चढलेला नाही. बांधीशेजारी ताट धरून उभा राहिला. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पाहुण्यांच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या आणि पुन्हा कामाला लागला. दिवसभर त्याने तिथल्या पाण्याखेरीज काही घेतलं नाही, वहिनीनेही नाही. नवराबायकोचं हे घरूनच ठरलेलं होतं आणि जिलेबी खाऊन बसलेल्या मला ते कोणी सांगितलंच नव्हतं! मी वहिनीला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तुमाले गोड आवडते, बाई."

ऊन उतरल्यावर आम्ही घरी आलो. वहिनीने चूल पेटवली. भूक सगळ्यांनाच होती, मलासुद्धा. काय करायचं हे मी विचारलं नाही, पण फोडणीचा वास आला तेव्हा कळलं की बेसनाचा डबा निघालाय. दादा सपरीत खाटेवर बसला. समोरच्या रस्त्याने समारंभातली माणसं बस गाठायला चालली होती, टोलीजवळून मोठ्या रस्त्याला वाट जाते. मी उंबऱ्याशी बसले.

सांदवाडीच्या दाराची कडी वाजली. बांधीशेजारी होता. नवा शर्ट, कपाळावर अजून हळदकुंकू. तो नेहमीसारखा स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसला.

दादा खाटेवरून उठला नाही. तिथूनच म्हणाला, "आज एथी बस."

तो पाटावरून उठला, माजघरातून चालत आला आणि सपरीच्या दारात थांबला. रस्त्यावर माणसं होती, त्यांत त्याचे सोयरे होते, नवीन सुनेच्या माहेरचेही असतील. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. दादा त्याला आग्रह करेना, त्याच्याकडे पाहीनासुद्धा. मी दादाला इतका कठोर कधी पाहिला नव्हता. मला त्या माणसाची कीव आली, हेही सांगून टाकते.

तो खाली सतरंजीवर बसला, रस्त्याकडे पाठ करून. दादा त्याच्यासमोर बसला. वहिनीने दोन ताटं आणून ठेवली, भात आणि पातोडीचा रस्सा. त्याने भात कालवला आणि खायला लागला.

मला आनंद झाला. आणि लगेच त्या आनंदाची चीड आली. एक माणूस एका घराच्या पडवीत बसून भात खातो, यात आनंद व्हावा असं काय आहे? आजोबांना जाऊन किती काळ लोटला, देशात काय काय होऊन गेलं, आणि आम्ही अजून इथेच, एका ताटाकडे श्वास रोखून पाहतोय. हे सगळं खरं होतं. तरी मी पाहत राहिले.

रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. त्याचाच चुलतभाऊ होता, दिवसभर मांडवात मिरवत होता. "अरे," तो मोठ्याने म्हणाला, "घरी मांडव टाकून एथी काय करून राह्यला?"

बांधीशेजाऱ्याचा हात ताटात थांबला. मग त्याने मागे वळून पाहिलं. नुसती मान वळवली नाही, अख्खा वळला, आता त्याचं तोंड रस्त्याकडे होतं.

"जेवून राह्यलो," तो म्हणाला. "दिसत नाई का?"

मोटरसायकल थोडा वेळ तशीच उभी होती. मग गेली. दादाने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

वहिनी भात आणायला आत गेली होती, ती बाहेर येईना. मी पाहायला गेले तर ती चुलीसमोर बसून पदर तोंडाशी धरून रडत होती. एवढ्या वर्षांत मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती, लेकीच्या पाठवणीतसुद्धा नाही.

"आता कायले रडून राहिली?" मी विचारलं.

"लोकं पाहून राह्यले असतानी," ती म्हणाली, "तो पयल्यांदा माह्या हातचं खाऊन राह्यला, बाई."

बाहेरून त्याचा आवाज आला, "वैनी, भात!" मी भाताच्या भांड्याला हात घातला, म्हटलं तू बस, मी वाढते. तिने माझा हात बाजूला केला. डोळे पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि भात घेऊन ती स्वतः बाहेर गेली.